अण्णांचा आवाज बसला तेव्हा

माझ्या वडिलांना सगळे अण्णाच म्हणत. आम्ही दोघी मुली, शेजारचे, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, कारखान्यातले लोक, सगळे. आणि बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत अण्णा घरी आहेत की नाहीत हे कुणाला विचारावं लागत नसे. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ते प्रेस शॉपचे सुपरवायझर होते. तिथं पत्रा कापणारी, दाबणारी यंत्रं दिवसभर धडधडत असत आणि त्या धडधडाटावर आवाज चढवून माणसांना कामं सांगायची हे अण्णांचं काम. वीस वर्षं तसं बोलल्यावर घरी येऊन आवाज खाली आणायचा असतो, हे ते विसरूनच गेले होते. हॉलमधल्या खुर्चीवर बसून ते स्वयंपाकघरातल्या अम्माला टॉवेल मागत, आणि तो आवाज समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या मेष्ट्रांना ऐकू जाई. ते कन्नड शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. कधीकधी तेच आपल्या गॅलरीतून, टॉवेल दोरीवर वाळतोय, असं कन्नडमध्ये सांगत.

रागावलेले नसतानाही ते रागावल्यासारखे वाटत, ही खरी अडचण होती. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे वाक्य छोटं ठेवायचं, कारण लांब वाक्याच्या मध्यावर ते शिरत आणि उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करत. बहुतेक वेळा ते चुकीचं पुरं होई. मग तेच खरं धरून पुढं भांडण. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तर त्यांना काही सांगायचं असेल तेव्हा आधी अम्माला सांगे, अम्मा त्यातलं निम्मं अण्णांना सांगे, आणि त्यातलं अण्णा चौथा हिस्सा ऐकत. घर दुःखी होतं असं नाही. सकाळी कॉफीचा वास, सणाला होळिगे म्हणजे पुरणपोळी, रविवारी गांधी बझारला पिशव्या घेऊन जाणं, सगळं होतं. फक्त त्या सगळ्यावर अण्णांचा आवाज एखाद्या पत्र्याच्या छपरासारखा पसरलेला असे.

त्या थंडीत त्यांचा घसा बसला. आधी घोगरा झाला, मग फाटका, मग एका सकाळी कंपनीच्या बसवर जायला निघताना त्यांनी अम्माला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आम्ही दोघी बहिणी दात घासता घासता एकमेकींकडे बघत राहिलो. ते पुन्हा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या मानेच्या शिरा फुगत होत्या. मला त्यांची भीती वाटण्याची सवय होती, त्यांच्यासाठी भीती वाटण्याची नव्हती.

जयनगरचे घशाचे डॉक्टर फार हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आरसा घालून घसा बघितला आणि सांगितलं की ओरडून ओरडून आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. एकवीस दिवस पूर्ण गप्प राहायचं. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्यानं जास्त ताण पडतो. गाठी विरल्या तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर हा आवाज परत येईलच असं ते सांगू शकत नव्हते. बिनआवाजाच्या माणसाला कारखान्यात सुपरवायझर कोण ठेवणार, हे त्या खोलीत कुणी बोललं नाही, पण परतीच्या रिक्षात अम्मा सगळा वेळ अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. एरवी ती रस्त्यात असं करत नसे.

माळ्यावरून माझी लहानपणची पाटी काढली. अण्णा कन्नड शाळेत शिकलेले, त्यामुळे ते मराठी लिहीत ते कन्नड अक्षरांत. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या पुष्कळ घरांत तसंच होतं. भाषा आजोबांच्या आजोबांनी आणलेली, लिपी शेजाऱ्यांची. पहिल्या दिवशी त्यांनी पाटीवर जे लिहिलं ते मला अजून दिसतं. ‘माझं ऐकणार कोण?’ अम्मानं ते वाचलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, की आता तुम्ही आमचं ऐका, स्वल्प बदल होईल.

पहिले तीन-चार दिवस वाईट गेले. अण्णा टाळ्या वाजवत, खुर्चीच्या हातावर पाटी आपटत, पेन्सिली मोडत. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे अम्मा, तीन म्हणजे पेपर कुठाय, असं काहीतरी त्यांनी ठरवलं, पण अम्मा स्वयंपाकघरात असली की तिला टाळ्या मोजता येत नसत आणि ती दरवेळी पाणीच घेऊन येई. अक्काला हसू आवरत नसे. शेवटी पाचव्या दिवशी, मला वाटतं कंटाळूनच, अण्णा स्वतः उठले आणि काय हवंय ते सांगायला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. हाक मारता येत नव्हती म्हणून माणसापर्यंत चालत जावं लागलं, एवढीच गोष्ट. पण अम्मा तेव्हा अक्की रोटी थापत होती. तांदळाचं पीठ, त्यात कांदा, शेपू, हिरवी मिरची, आणि थापताना ती तव्यावर तीन बोटांनी गोल गोल दाबत नेते तो एक ताल असतो. अण्णा पाटी हातात धरून ते बघत राहिले. रोटी उलटेपर्यंत बघितलं. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हाताला चटका बसत नाही?’ अम्मा म्हणाली, बसतो की. बावीस वर्षं बसतोय.

त्या दिवसानंतर ते टाळ्या वाजवायचे थांबले. ज्याच्याकडे काम असेल त्याच्यापाशी जायचे, तो काय करतोय ते आधी बघायचे, आणि बहुतेक वेळा बघता बघता आपलं काम विसरून त्याच्या कामाला हात लावायचे. मी अभ्यासाला बसले की शेजारी येऊन बसायचे. माझ्या रसायनशास्त्राच्या वहीतली चित्रं त्यांना आवडत. जेवतानाचा फरक तर आम्हा सगळ्यांनाच जाणवला. आधी ताटावर बसल्यापासून कारखान्यातलं राजकारण सुरू होई आणि हुळी, म्हणजे भाजीची आंबट आमटी, संपली तरी त्यांना कळत नसे की ती कशाची होती. आता बोलणं नाही म्हटल्यावर ते जेवू लागले. घास चावताना थांबायचे, काहीतरी शोधल्यासारखं. एकदा रागी मुद्द्याबरोबरच्या, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबरच्या, सारात अम्मानं नेहमीपेक्षा थोडा जास्त मेथीदाणा घातला होता, तर त्यांनी डाव्या हातानं पाटी ओढून ‘मेथी?’ असं लिहिलं. अम्मानं पाटीची ती बाजू दोन दिवस पुसू दिली नाही.

आणि घरात काय काय आवाज होते ते आम्हाला तेव्हा कळलं. मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडावर सकाळी सात-आठ चिमण्या असत. मेष्ट्रांच्या घरातला रेडिओ. फुलवालीची हाक, जी आम्हाला इतकी वर्षं फक्त तिची टोपली दाराशी आल्यावर कळे. अम्मा काम करताना गुणगुणते, हे मला वयाच्या सतराव्या वर्षी समजलं. आता माझी मुलगी मोबाइलवर घंटा लावून रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसते, श्वासाकडे लक्ष देते, आणि त्यानंतर खरंच जरा निवांत दिसते. मी तिला हसत नाही. आमच्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलं, एवढाच फरक.

मग हळूहळू लोक अण्णांकडे बोलायला येऊ लागले. मध्येच न तोडणारा माणूस मिळणं किती कठीण असतं ते तेव्हा बघितलं. मेष्ट्रू संध्याकाळी येऊन आपल्या अमेरिकेतल्या मुलाविषयी तासभर बोलत आणि उठताना अण्णांचे आभार मानत. अक्कानं दोन दिवस तयारी केली आणि एका दुपारी खुर्चीसमोर खाली बसून एका दमात सांगून टाकलं, की इलेक्ट्रॉनिक सिटीत एका नव्या कंपनीत तिला नोकरी मिळतेय, कॉम्प्युटरची, आणि तिला लग्नाआधी ती करायचीय. हे वाक्य ती सहा महिने तोंडात धरून होती. आम्ही सगळ्या पाटीकडे बघत होतो. अण्णांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी लिहिलं, ‘बस कुठली?’ अक्कानं बसचा नंबर सांगितला. त्यांनी मान हलवली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, की त्यांच्या कंपनीची बसही त्याच रस्त्यानं जाते. अक्का आत येऊन उशीत तोंड खुपसून हसली की रडली, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, गुंडूकाका आला.

गुंडूकाका अण्णांचा धाकटा भाऊ. राजाजीनगरला राहायचा, बँकेत होता, सावकाश आणि अडखळत बोलणारा. सहा वर्षांत त्यानं आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आजी, म्हणजे या दोघांची आई, हॉस्पिटलात गेली तेव्हा रात्रभर तिच्याजवळ गुंडूकाका होता आणि सकाळी नेमकी ती गेली तेव्हा तो तिथं नव्हता. दोन तासांनी आला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्या नातलगांसमोर अण्णा त्याच्यावर ओरडले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, भिंतीला टेकून उभी होते, आणि मला काकाचे दोनच शब्द ऐकू आले. ‘मी घरी...’ त्यापुढचं अण्णांनी पुरं केलं. आई मरत होती आणि तू घरी जाऊन झोपलास. तेराव्याला पुन्हा काकानं काही सांगायला सुरुवात केली आणि पुन्हा तसंच झालं. त्यानंतर एका लग्नात दोघं एकाच पंगतीत बसले, पण मध्ये चार पानं सोडून.

आता गल्लीतल्या कुणीतरी राजाजीनगरात बातमी नेली होती, आणि ती जाता जाता वाढली होती. अण्णांना घशाचा मोठा आजार झालाय, वाचा गेलीय, असं काकाच्या कानावर गेलं. तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती आणि चेहरा शेवटच्या भेटीला आल्यासारखा. अम्मानं त्याला आत घेतलं, आधी खरं काय ते सांगितलं. काका इतका मोठा निःश्वास टाकून जमिनीवर बसला की मोसंबी घरंगळत खुर्चीखाली गेली.

आम्ही त्या वेळी अवरेकाळू सोलत होतो. हे पावट्याच्या जातीचे दाणे. थंडीत त्यांचा हंगाम असतो, तेव्हा आख्ख्या बेंगळुरूला त्यांचा वास येतो. ते रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा, की सालातून आतली मऊ डाळ टुपकन बाहेर येते. चार माणसांच्या जेवणाला दोन तास लागतात. मोठ्या परातीभोवती अण्णा, अक्का आणि मी बसलो होतो. काका पुढं सरकला, बाह्या वर केल्या आणि दाणे दाबू लागला. दाणे परातीत टपटप पडत होते.

मग खाली बघतच तो म्हणाला, “अण्णा, तुला बोलायचं नाही म्हणतात. मग मी बोलतो. स्वल्प वेळ लागेल.”

अण्णांनी मान हलवली.

काका एकेक दाणा दाबत सांगत गेला. आजीला त्या सकाळी शुद्ध होती. सहाच्या सुमाराला तिनं त्याला जवळ बोलावलं आणि कॉफी मागितली. त्यानं खालून कँटीनची आणली, तिनं एक घोट घेऊन तोंड फिरवलं. तिला घरची हवी होती. म्हणून तो फ्लास्क घेऊन निघाला, बसनं बसवनगुडीला आला, आणि बघतो तर घराला कुलूप. दरम्यान हॉस्पिटलातून मेष्ट्रांच्या फोनवर निरोप आला होता आणि अण्णा-अम्मा आम्हा दोघींना घेऊन रिक्षानं तिकडे धावले होते. वाटेत कुठंतरी काकाची बस आणि आमची रिक्षा एकमेकांना ओलांडून गेली असणार. काकाला वाटलं, वहिनी भाजीला गेली असेल. तो पायरीवर फ्लास्क मांडीत घेऊन वाट बघत बसला. दीड तास. मेष्ट्रूही देवळात गेलेले, सांगायला कुणी नाही.

अण्णांचे हात थांबले होते. त्यांनी पाटी ओढली आणि ओल्या बोटांनी कशीबशी अक्षरं काढली. मी त्यांच्या डाव्या हाताला होते, मला वाचता आलं. ‘घरी म्हणजे इथं?’

“इथं,” काका म्हणाला. “मी माझ्या घरी गेलोच नव्हतो.”

अण्णांचं तोंड उघडलं. आवाज बाहेर येणार असं मला वाटलं, आणि काकालाही वाटलं असणार, कारण त्यानं पटकन हात पुढं करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. “बोलू नकोस. एवढे दिवस राखलंयस.” अण्णांनी तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात नव्हते, दोन्ही हातांना दाण्यांचा चिकट रस. त्यांनी तसेच ते ओले हात काकाच्या हातांवर ठेवले. सहा वर्षं ज्या वाक्यासाठी गेली ते ‘मी घरी कॉफीसाठी गेलेलो’ एवढं चार शब्दांचं होतं, आणि त्याचे पहिले दोन मी स्वतः ऐकले होते.

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली ते कुणी बघितलं नाही. तिनं विचारलं, “भावजी, आत्यांनी कुणाच्या हातची कॉफी मागितली होती?”

आत्या म्हणजे तिची सासू, आमची आजी; आणि हे समजायला एक सांगितलं पाहिजे. आजीनं अम्माच्या कॉफीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पातळ झाली, दूध जास्त, डिकॉक्शन शिळं. रोज सकाळी पेला खाली ठेवताना काहीतरी निघेच, आणि अम्मानं ते सोळा वर्षं ऐकलं होतं.

काका म्हणाला, “तुमच्याच. ‘थोरल्या सुनेच्या हातची आण,’ म्हणाली. ‘तिच्यासारखी कुणाला जमत नाही.’ वहिनी, हे मला तेराव्यालाच सांगायचं होतं तुम्हाला.”

अम्मा आत वळली. थोड्या वेळानं आतून दूध उकळल्याचा आणि चिकोरी घातलेल्या ताज्या कॉफीचा वास आला. तिनं सगळ्यांना पेले आणून दिले, स्वतःचाही घेतला, आणि परातीजवळ आमच्यात बसून प्यायली. तोपर्यंत मी तिला उभ्यानंच कॉफी पिताना बघितलं होतं. तिचा चेहरा असा दिसत होता, की जणू कुणीतरी तिला नवीन साडी दिलीय आणि ती नेसून झालीय.

दुपारी सोललेल्या दाण्यांचं सारू झालं, नारळ, धणे, खसखस वाटून, आणि काका तीनदा भात घेऊन जेवला. काकानं बँकेतल्या एका मॅनेजरची नक्कल केली, अण्णा आवाज न करता हसताना इतके हलले की खुर्ची करकरली. निघताना काका म्हणाला, की एकदा घरी या, सुशीलाला बरं वाटेल. सुशीलाकाकू त्याची बायको. अण्णांनी लिहिलं, ‘आवाज आल्यावर.’

एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि अण्णांना ‘आ’ म्हणायला सांगितलं. अण्णा म्हणाले. आवाज बारीक होता, नव्यासारखा, थोडा लाजरा. गाठी विरल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं, की पुन्हा ओरडलात तर पुन्हा याल. घरी आल्यावर अण्णा हॉलमध्ये बसले, मग उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि म्हणाले, “रत्ना, भूक लागलीय.” अम्माचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही दोघींनी तोवर ऐकलं नव्हतं. ते हाक मारत ती नुसती ‘ए’ अशी. अक्कानं मला चिमटा काढला.

कामावर गेल्यावर ते शिट्टी आणि हातवारे वापरू लागले, आणि जे सांगायचं ते प्रत्येक यंत्रापाशी चालत जाऊन सांगू लागले. त्यात त्यांना शोध लागला की तिसऱ्या प्रेसवरचा माणूस, ज्याला ते कामचुकार म्हणत, तो एका कानानं बहिरा होता. ते त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून बोलले आणि त्यानं सगळं नीट केलं. हे घरी सांगताना अण्णा खजील झाले होते आणि खूशही. ते पूर्ण बदलले असं मी म्हणणार नाही. आवाज चढायचा. पण चढला की ते स्वतःच थांबत, घशाला हात लावत आणि समोरच्याला म्हणत, तू आधी पुरं कर. पुढं त्यांना तीस वर्षं मिळाली आणि त्यातलं एकही मला त्या आधीच्या वर्षांसारखं आठवत नाही.

आवाज आला त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही चौघं राजाजीनगरला गेलो. अण्णांनी वाटेत म्हैसूरपाक घेतला, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि बसमध्ये ते काहीतरी मनाशी पाठ करत होते, ओठ हलत होते. माफीचं वाक्य असणार. काकानं दार उघडलं, हसला, आम्हाला आत घेतलं. सुशीलाकाकू बाहेर आली. तिनं अम्माला कुंकू लावलं, आम्हा दोघींच्या गालांवरून हात फिरवला, आणि मग अण्णांच्या समोर येऊन उभी राहिली. ती बारीक चणीची, मोजकं बोलणारी बाई. या सहा वर्षांत नवऱ्याला रोज संध्याकाळी गप्प बसलेलं तिनं बघितलं होतं.

अण्णांनी बोलायला तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

“भावजी, तुमच्या भावाचं सांगून झालं. माझं राहिलंय.”

काका कासावीस होऊन तिला काही खुणावू लागला. अम्मा अण्णांकडे बघत होती. अण्णांना आता आवाज होता, पाठ केलेलं वाक्य होतं, आणि ते वयानं आणि मानानं तिथं सगळ्यांत मोठे होते. त्यांनी म्हैसूरपाकाचा डबा बाजूला ठेवला आणि खुर्ची सोडून खाली सतरंजीवर मांडी घालून बसले.

“सांग,” ते म्हणाले. “सगळं सांग.”

काकू आत गेली, गॅस बंद करून आली, पदराला हात पुसत त्यांच्या समोर बसली आणि बोलू लागली.